आतून लागलेली कडी

मी बाथरूमच्या दाराची कडी बोलतेय. पितळेची, वीतभर लांब. या घरातल्या सुतारानेच मला चार स्क्रूंनी आवळून बसवलं. तेव्हा त्याचा हात असा, की पेन्सिलीची खूण न करता भोक नेमकं जागेवर पडायचं.

पुढे मी त्याच्या चोरीत सामील झाले. दिवसातून पाच-सहा वेळा तो आत यायचा, मला लावायचा आणि फ्लशच्या टाकीत लपवलेली दारूची बाटली काढायचा. आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायचा. तरी बाहेर बायकोला आणि लेकीला सगळं कळायचं.

हळूहळू सकाळी त्याला मला धरताही येईना. त्याच्या बोटांत मी खडखडायचे. एकदा तो आतच कोसळला. "अहो, आवाज तरी द्या!" बायको दार बडवत होती, आणि मी लागलेली. त्या दिवशी तो आपणहून शुद्धीवर आला. पुढच्या वेळचं काय, या धास्तीने माझा जीव अर्धा झाला.

लेक डॉक्टरांना भेटून आली. घरच्या घरी एकदम सोडणं धोक्याचं आहे, त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात भरती करा, असं ते म्हणाले. ठरल्या दिवशी दारात गाडी आली, आणि सुतार आत येऊन मला लावून बसला.

"तोडू का दार?" गाडी घेऊन आलेल्या लेकीच्या मामाने विचारलं.

"नको, मामा." लेक दाराला टेकून जमिनीवरच बसली. "बाबा, मी भांडायला नाही आले."

"तिथे बांधून ठेवतात."

"मी बघून आलेय. नाही बांधत. सुरुवातीला त्रास होईल, त्यावर औषध देतात. भेटायला फक्त रविवारी सोडतात. मी एकही रविवार चुकवणार नाही."

आत टाकीचं झाकण सरकलं. तिने ते ऐकलं. "बाबा, तुम्ही आत गेलात की मला फार भीती वाटते हो."



"मलाही वाटते," तो म्हणाला. "सोडूनही हात असेच राहिले तर? मग मी कसला सुतार?"

"मला नाही माहीत. डॉक्टरांना विचारू. दोघं मिळून विचारू."

बोटं माझ्यावर आली. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा मी सरकले.

दीड महिन्याने तो घरी आला. हात बराचसा स्थिर आहे. बारीक काम अजून जमत नाही. माझी भीतीही गेलेली नाही. काल तो आत आला, मला लावलं आणि टाकीचं झाकण उचललं. टाकीत नुसतं पाणी होतं. तरी तो त्यात बघत उभा राहिला, इतका वेळ, की मला वाटलं, संपलं सगळं.

मग त्याने मला काढलं आणि हाक मारली, "बाळा, आज मन फार ओढ घेतंय. डॉक्टरांकडे येतेस का माझ्याबरोबर?"

"आले, बाबा," म्हणत ती अर्धवट विंचरलेल्या केसांनीच धावत आली.