उंबरठ्यापाशी आठ मात्रा

"शामसुंदररावांचे चंद्रमौली, चंद्रमौलींचे अनंतकृष्ण आणि अनंतकृष्णांचा हा गुरुमूर्ति," मी दारातूनच नातीला सांगितले. "तीन पिढ्यांचे कीर्तनकार. वाट दे त्याला."

खरे तर वाट मीच अडवून उभी होते. डावा हात चौकटीवर आणि उजवे पाऊल उंबरठ्याच्या आत खिळलेले. बाहेर गाडी थांबली होती. नववारीतली श्रीविद्या माझ्या शेजारी होती. तिचेच लग्न आणि मुहूर्ताला जेमतेम तास. मागे माझा मुलगा साईराम चाकांची खुर्ची धरून उभा होता.

"आई, बसून घ्या. मुहूर्त जाऊलाते," त्याने आमच्या दक्षिणी बोलीत घाई केली.

"पायांनी निघेन, नाहीतर निघणार नाही. नातीच्या मांडवात मला ढकलत नेलेलं चालणार नाही."

डॉक्टरांनी मला समजावले होते. मेंदूत एकाच वेळी कितीतरी हालचाली निघण्याच्या तयारीत असतात. तो साऱ्यांना रोखून धरतो आणि एकीलाच सोडतो. माझ्या मेंदूची ती सोडण्याची शक्ती आटत चालली आहे. मला ते चटकन उमगले. पन्नास वर्षे या घरच्या पंगतीत आधी काय वाढायचे हे माझ्या नजरेवर ठरत आले. नजर मिळेपर्यंत वाढणारे भांडी घेऊन उभे राहत. आता माझी पावले तशीच उभी होती आणि नजर देणारे कोणी नव्हते.

कोणी ठेका धरला तर पाऊल सुटते, हेही डॉक्टर बोलले होते. श्रीविद्याने एकदा टाळ्या वाजवून पाहिल्या, तेव्हा मी तिला खडसावले होते, "मी काय दरवेशाचं अस्वल आहे?" त्यानंतर घरात कोणी टाळी वाजवली नाही.

गुरुमूर्ति पायरीखाली थांबला. सहासष्ट वर्षांचा निवृत्त बस कंडक्टर. कीर्तनकारांच्या त्या घरात दहाव्या वर्षी याला स्वतःचे नाव सांगता येत नव्हते. पहिल्याच अक्षरावर जीभ अडे ती सुटेना. वडिलांनी त्याच्याशी बोलणेच टाकले. मी तेव्हा शेजारघरची नवी सून, गाणे शिकलेली. रोज दुपारी त्याच्या गुडघ्यावर आदिताल धरीत असे. एक थाप, मग तीन बोटे. नंतर दोनदा थाप आणि उताणा तळवा. आठ मात्रा. "शब्दाला ढकलू नकोस," मी बजावीत असे. "थापेवर लक्ष ठेव. शब्द आपणच चढून बसेल." दीड वर्षाने तो बसला. पुढे चौतीस वर्षे या माणसाने बसच्या दारात उभे राहून थांबे पुकारले. दर दिवाळीला येई आणि म्हणे, "अक्का, तुमचं ऋण आहे." मी म्हणे, "असू दे."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग पायांकडे.

"काय अक्का, बस बंद पडली कां?"

"थट्टा करतोस? कान उपटीन."

"उपटा की. फक्त इथवर यावं लागेल."

श्रीविद्या हसली, आणि मी पाहताच गप्प झाली.

गुरुमूर्ति ओट्यावर टेकला. स्वतःच्या मांडीवर त्याने थाप दिली, मग करंगळीपासून तीन बोटे. दुसऱ्या आवर्तनाला थांबे पुकारणारा त्याचा जुना आवाज त्यावर स्वार झाला, "दारासुरम्... तिरुवलंचुळी... स्वामीमलै..."

मी ओठ आवळले.

"पायाला ढकलू नका, अक्का. थापेवर लक्ष ठेवा. पाय आपणच चढून बसेल."

शब्द माझे होते आणि दरडावणीही माझीच. पंचावन्न वर्षे त्याने ती जशीच्या तशी सांभाळली होती. मला राग यायला हवा होता; आला नाही.

"राइट! पोलाम, चला!"

समेवर माझे उजवे पाऊल उंबरठ्यापलीकडे पडले. मागोमाग डावे. पायरी, अंगण, गाडी. तो पुकारीत राहिला आणि मी चालत राहिले. साईराम रिकामी खुर्ची धरून दारातच राहिला.

गाडीत बसल्यावर मी काच खाली केली.

"गुरुमूर्ति, तुझं ऋण फिटलं. पुरतं."

त्याने तोंड उघडले, आणि जीभ अडली. पहिल्याच अक्षरावर, तशीच. माझा हात ठेका धरायला गुडघ्याकडे निघाला होता. तो मी मांडीवर ठेवला आणि वाट पाहिली. ड्रायव्हरलाही थांबवले.

"फिटलं, अक्का," तो म्हणाला.