गणपतीपासून दुकानापर्यंत, पायी

"टेपचं टोक मी धरीन," असं म्हणत श्यामरावांनी नगर निगमच्या शिपायाच्या हातातली कडी जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि गणपतीच्या देवळाच्या पहिल्या पायरीवर अंगठ्याने दाबून धरली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी असं उकिडवं बसणं म्हणजे खायचं काम नाही. पण निम्मा पारा, म्हणजे निम्मा मोहल्ला, बघायला जमला होता, आणि माणसं बघायला जमली की श्यामरावांचे गुडघे दुखत नसत.

रायपुरातल्या शंकर नगरच्या त्या गल्लीत रविवारी सकाळी एवढी गर्दी गणेशोत्सवातच होई. कुणी घरातून खुर्च्या आणल्या होत्या, कुणी चहाची किटली. देवळाला लागूनच असलेल्या आपल्या घराच्या फाटकात पद्मिनीबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. छातीत इतकं धडधडत होतं की शेजारच्या मीराला ऐकू जाईल अशी त्यांना भीती वाटली.

प्रश्न होता शरच्चंद्र वैद्यांच्या दुकानाचा. वैद्य रीतसर परवाना घेऊन भांगेच्या पानांपासून केलेली औषधं विकत, तीही चिठ्ठी बघून. अशा दुकानांसाठी निगमने नवा नियम आणला होता: देवळापासून किंवा शाळेपासून पायी वाटेने शंभर मीटरच्या आत दुकान चालणार नाही. जे आत सापडेल त्याने नवा रायपुरकडे जागा बघावी. तिकडे रस्ते ऐसपैस, पण बस कधी येईल ते देवालाच ठाऊक.

आणि या दुकानाविरुद्धची पहिली तक्रार होती खुद्द श्यामरावांची. "गणपतीसमोर गांजा विकून राहिले!" असं म्हणून त्यांनी गणेश मंडळाच्या बैठकीत टेबल आपटलं होतं. चाळीस सह्या झाल्या. त्यातल्या निदान तीस जणांनी होळीला भांगेच्या ठंडाईचे पेल्यावर पेले रिचवले होते, पण तो सण होता. सणाला सगळं माफ असतं.

त्या बैठकीतून श्यामराव छाती काढून घरी आले, तेव्हा पद्मिनीबाई त्याच दुकानातलं तेल कमरेला चोळून उभ्या राहून पोळ्या लाटत होत्या.

दोन वर्षं त्यांच्या कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत एक शीर पेटलेली असे. गोळ्या झाल्या, शेक झाले, पट्टा झाला. मग वैद्यांचं तेल आणि जिभेखाली चार थेंब. तेव्हापासून त्या ओट्याशी अर्धा तास उभ्या राहू शकत होत्या, रात्री कूस बदलू शकत होत्या. श्यामरावांना त्यांनी सांगितलं होतं, बहिणीने, कमलाने, नागपूरहून तीळतेल पाठवलंय. बाटलीवरचा कागद त्या नखाने खरवडून काढत. दर मंगळवारी तीन वाजता नवरा घोरायला लागला की त्या निघत. आपली काठी मात्र दाराआडच ठेवून जात. काठी जागेवर दिसली की बाई मीराकडे गप्पा मारतेय असं श्यामरावांनी समजावं, एवढाच त्यामागचा डाव. आणि आता तोच नवरा त्यांचं दुकान गावाबाहेर घालवायला टेपचं टोक दाबून बसला होता!

"अंकल, पकड़े रहिए!" निगमची इंजिनिअर ज्ञानदा ओरडली. पोरगी मराठी घरातली, सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच द्यायची.

टेप तीस मीटरचा. तीस झाले, खडूची रेघ. पुढे नाला. शिपायाने उडी मारली, टेप हवेतून पलीकडे गेला. साठ झाले. दुकानाची पायरी आली.

"अट्ठासी!" ज्ञानदाने आकडा सांगितला. अठ्ठ्याऐंशी, म्हणजे शंभराच्या आत.

टाळ्याच पडल्या. मंडळाचे चिटणीस विनायक यांनी शिट्टीसुद्धा मारली. शरच्चंद्र वैद्य दारात उभे होते, ते आत गेले आणि काउंटरवरच्या बाटल्या उगाच सरळ करू लागले. पद्मिनीबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. आपल्याच माणसाचा त्यांना इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

श्यामराव मात्र अजून पायरीवरच होते.

"पोट्टी, इकडे ये," ते म्हणाले. "तुह्या नियमात काय लिहिलं आहे ते वाच."

"पैदल चलने का रास्ता, अंकल।"

"मग नाल्यावरून कोण चाललं? तुह्या शिपायानं तर उडी मारली."

विनायक पुढे आले. "काका, आपण सगळेच तिथून उडी मारून जातो ना!"

"तू जातोस. दुकान कायचं आहे? औषधाचं. ज्याले नाला उडता येते, तो औषध घ्यायले काहून येईल?"

विनायकांनी हातातला नियमाचा कागद पुढे केला. "पण काका, तक्रार तुमचीच आहे!"

"हव, माहीच आहे. म्हणून तर बरोबर मोजली पाहिजे. चाल पोट्टी, मी दाखवतो वाट. टोक आता तुहा शिपाई धरन."

ते उठले, कंबरेवर हात ठेवून जरा थांबले आणि निघाले. नाल्याच्या काठाने डावीकडे, सावकाश, पावलाला पाऊल लावत. मागे ज्ञानदा, टेप आणि अख्खा पारा. पद्मिनीबाईही खुर्चीतून उठल्या. मीराच्या खांद्याला धरून फाटकाबाहेर आल्या.

"इथं विजेचा खांब आहे," श्यामराव सांगत होते. "याले धरावं लागते. इथं उतार आहे न."

पद्मिनीबाईंचा हात मीराच्या खांद्यावर घट्ट झाला. त्या खांबाचं गार लोखंड त्यांच्या तळव्याला ओळखीचं होतं.

"मग हा कट्टा. इथं तीन-चार मिनिटं बसावं लागते. लिहू नको, बसायचे मीटर नसतात. मग नाल्यावरची पुलिया, हा छोटा पूल. पुलियावर डाव्या बाजूनं नाही, उजव्या. डावीकडची फरशी हलते."

ज्ञानदा हसली. "अंकल, आपको इतना सब कैसे मालूम?"

"मी रेल्वेत गार्ड होतो, बेटा. चौतीस वर्षं शेवटच्या डब्यात उभं राहून पुढची गाडी बघत आलो. गाडी सुखरूप पोचली की मगच गार्डानं खाली उतरायचं असते."

पोरीला त्यातलं काही कळलं नाही. तिने खडूने रेघ मारली आणि पुढे गेली. पद्मिनीबाई तिथेच उभ्या राहिल्या. मंगळवारचं ते घोरणं त्यांना आठवलं. जरा जास्तच मोठं असायचं, विशेषतः त्या तक्रारीनंतर, नाही?

साठ झाले. पुलियापलीकडे नव्वद. आता सगळेच श्वास रोखून होते, ज्यांनी सह्या केल्या होत्या तेसुद्धा. कोणती बाजू आपली हे विसरून पोरंटोरं टेपच्या दोन्ही बाजूंनी धावत होती. वैद्य चष्मा हातात घेऊन बाहेर आले.

"पंचानबे... निन्यानबे... एक सौ चार!"

पहिली टाळी मीराने वाजवली. मग कुणीतरी हसलं, आणि मग टाळ्या सुरू झाल्या, मघापेक्षा जास्त. पद्मिनीबाईंना वाटलं आपण आत्ता नाचू शकू. विनायक "हे बरोबर नाही" म्हणत राहिले, पण नियम त्यांच्याच हातातल्या कागदावर होता. ज्ञानदाने निगमच्या जीपच्या बोनेटवर ठेवून पंचनामा लिहिला. रिपोर्टात हाच रास्ता जाईल, दुकान इथेच राहील, असं तिने दोन्ही बाजूंना वाचून दाखवलं. तक्रारदार म्हणून श्यामरावांनी पूर्ण नावाची, नीट, रेल्वेतल्यासारखी सही केली. वैद्य हात जोडून काही बोलायला आले, तर त्यांना म्हणाले, "मी काही केलं नाही. वाट आहे तेवढीच आहे."

घरी परत येताना त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. तरातरा पुढे गेले आणि चपला काढून आत शिरले. पद्मिनीबाई मागून हळूहळू आल्या. कमलाचं तेल, खरवडलेला कागद, सगळं आज सांगून टाकायचं होतं.

"अहो," त्या उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "मी तुमाले..."

श्यामरावांनी दाराआडून काठी काढली. तिची मूठ धोतराच्या सोग्याने पुसली आणि त्यांच्या हातात दिली.

"मंगळवारी ही घेऊन जात जा," ते म्हणाले. "पुलियाले कठडा नाही."