कडुबाला काहीच झालेलं नाही

दवाखान्याच्या दारातच सत्यभामेनं पहारा बसवला होता. पाचोडहून आलेल्या माणसाशी ‘जय भीम’ झाला की ती त्याला बाजूला ओढायची आणि दम भरायची, “आत आजाराचं नाव काढायचं नाय. ह्यांचा जीव चिमणीएवढा. ठणठणीत हाय म्हणायचं, केळी ठेवायची आन् बाहेर यायचं.”

तिच्या नवऱ्याच्या, कडुबाच्या, हृदयाचे ठोके मधेच थांबत होते. पेसमेकर बसवायचा होता. मुलगा राजकुमार शेंद्र्याच्या कंपनीत कामाला, कंपनीचा विमा आईबापालाही लागू. फक्त विमावाल्यांचा होकार यायचा होता, आणि तो आल्याबिगर ऑपरेशन होईना. सत्यभामेच्या तोंडावर मात्र हसू असं की बाई लग्नाला आलीय!

होकार आला नाही, चौकशीला साहेबच आले. अतुल त्यांचं नाव. राजकुमारनं नेमकं तेव्हाच औषधं आणायला खाली जावं, ह्याला काय म्हणावं! खाटेभोवती पाहुण्यांचा हा घोळका.

“पॉलिसीत लिहिलंय,” साहेब म्हणाले, “उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा पाहिजे. त्याच्याशिवाय भागणारच नाही, असा. नुसत्या आरामासाठी, सोयीसाठी भरती झालेलं चालत नाही. तर, पेशंटला त्रास काय?”

“त्रास? छ्या!” कडुबाची थोरली बहीण केसरबाई पुढं सरसावली. “ठणठणीत हाय माझा भाऊ.”

“चक्कर वगैरे?”

“कशाची चक्कर! परवा पळता बैल धरला मामानं,” भाच्यानं ठोकून दिलं. कडुबाकडं बैलच नव्हता.

“मग इथं कशाला आलेत?”

“आरामाला!” शेजारची सुलेखा खुशीत म्हणाली. “घरी मेला पंखा चालत नाय. इथं एसी हाय, आयता चहा हाय. मजा हाय राजाची!”

सगळी खोली खदाखदा हसली. सगळ्यात मोठ्यानं कडुबा. साहेबांचा पेन भराभरा चालायला लागला.

सत्यभामेनं डोळे वटारले, तर केसरबाईला वाटलं आपलं जरा कमी पडतंय. “पैलवान हाय साहेब, पैलवान!”

“गप बसा समदे!” सत्यभामा ओरडली. “साहेब, खोडा ते! मीच पढवलं ह्यांना. काळीज थांबतंय हो ह्यांचं. न्हाणीत पडले माझ्यासमोर. हाका मारल्या तर ओ देईनात. गेला म्हणलं माझा माणूस! त्यांना कळू नये म्हणून...” तिनं तोंडाला पदर लावला.

आता हे ऐकूनच माणूस जायचा, म्हणत तिनं भीत भीत खाटेकडं पाहिलं. कडुबा गालातल्या गालात हसत होता.

“मला पयल्या दिवसापासून ठाऊक हाय,” तो म्हणाला. “म्या समद्यांना बजावलं, सत्यभामेसमोर नाव काढू नका. तिचा जीव चिमणीएवढा.”

“आमचं मरण!” केसरबाई उसळली. “ही दारात दम देती, ह्यो खाटेवरून! ठणठणीत म्हणू म्हणू घसा बसला आमचा!”

मग काय, जो तो साहेबांना आजार सांगायला लागला. कुणी न्हाणीतलं पडणं करून दाखवलं. साहेब भिंतीला टेकले. “बाई, तुम्हीच सांगा आता. उपचार गरजेचा आहे की नाही?”

“ते डॉक्टरला इचारा, साहेब,” सत्यभामा म्हणाली. “मला हा माणूस गरजेचा हाय.”

साहेबांनी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन ठोके थांबल्याचा कागद नीट पाहिला. दुपारी राजकुमारच्या मोबाइलवर मंजुरी आली, आणि केसरबाईनं तिथल्या तिथं नर्सलाच मिठी मारली.

कडुबाला स्ट्रेचरवर घेतलं. सत्यभामा त्याचा हात काही सोडेना. बाहेर पाचोडकरांची ही गर्दी.

“सरका, सरका!” कडुबा ओरडला. “गरजेचा माणूस चाललाय!”

“आन् लई आजारी हाय!” सत्यभामा त्याच्याहून मोठ्यानं ओरडली, आणि रडत-हसत स्ट्रेचरबरोबर धावत सुटली.