वरची पट्टी

“काका, तुम्ही खालच्या पट्टीत वाजवताय,” तो उंच पोरगा म्हणाला, आणि ताईंची बोटं कीबोर्डवर होती तिथंच थांबली.

तालमीची खोली म्हणजे पूर्वीचं फर्निचरचं गोदाम. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. त्यामुळे कुणी बोलायचं थांबलं की खोलीत एकदम कोंडल्यासारखं व्हायचं. आत्ता तसंच झालं.

ताईंच्या भावानं गिटारच्या तारांवर तळवा ठेवला. मुळात ‘काका’ हा शब्दच त्याला झोंबला होता. ऐन भरात असताना त्याच्या नुसत्या मान झटकण्यावर मुली रडायच्या, पोलिसांना दोर बांधून गर्दी थोपवावी लागायची. पोस्टरवर त्याचं नाव नसायचं, नुसतं ‘वादळ’ लिहिलेलं असायचं, आणि तेवढं पुरायचं. घरी मात्र तो बाळच होता. आता केस काळे करून, उकाड्यातही चामड्याचं जॅकेट घालून तो या पोरांसमोर उभा होता.

“काय म्हणालास?”

“म्हणजे... गाणं मूळ रेकॉर्डपेक्षा बरंच खाली चाललंय. आम्ही मूळ पट्टीत बसवून आलोय.”

“माझं गाणं तू मला शिकवणार?”

त्या पोराला त्याच्या बँडमधले सगळे लंबू म्हणत. पलीकडे ड्रमवर बसलेल्या मुलीनं त्याला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं, पण तो हट्टाला पेटला होता. त्यानं खिशातून फोन काढला आणि ते जुनं गाणं लावलं. ताई तेव्हा खऱ्या पियानोवर होत्या, स्टुडिओतल्या थंडीनं बोटं आखडलेली. आणि बाळचा तो तिशीतला आवाज. कुठंही जोर न लावता वर गेलेला, तिथं आरामात राहिलेला.

फरक सांगायला गवयी असण्याची गरज नव्हती.

“तेव्हा रेकॉर्ड जरा जोरात फिरवायचे,” वादळ म्हणाला. “सगळ्याच कंपन्या करायच्या. सूर वर चढतो, गाणं चटपटीत वाटतं.”

“मग होऊन जाऊ दे ना त्याच पट्टीत,” लंबू म्हणाला.

वादळानं बहिणीकडे पाहिलं. ताई कीबोर्डकडेच बघत होत्या. त्या कीबोर्डवर डाव्या बाजूला एक बारीक बटण होतं. ते दाबलं की बोटं नेहमीच्याच जागी पडायची, पण निघणारा सूर खाली यायचा.

हे सगळं सुरू झालं होतं एका खोकल्यापासून. कार्यक्रम रद्द करायचा तर बाळ ऐकेना. तो दाढी करायला गेला तेव्हा ताईंनी त्याची गिटार अर्ध्या सुरानं खाली लावली, कीबोर्डचं बटण दाबलं आणि बाकीच्या वादकांच्या कानात सांगितलं. त्या संध्याकाळी बाळ घामानं निथळत आत आला आणि म्हणाला, “आज गळा बघितलास? कोण म्हणेल आजारी होता?” त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून ताईंनी ठरवलं, पुढच्या महिन्यात पूर्ववत करू. पुढच्या महिन्यात धीर झाला नाही. मग काही वर्षांनी आणखी अर्धा सूर, मग आणखी. वादक बदलले, प्रत्येक नव्या माणसाला ताईंनी बाजूला घेऊन सांगितलं. कुणीही तोंड उघडलं नाही. बाळला कळलं होतं का, हे ताईंना कधी समजलं नाही. त्यानं विचारलं नाही, आणि गिटार स्वतः लावायचं तर त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं.

“लाव त्या पट्टीत,” तो आता म्हणाला.

ताईंनी बटण सोडलं, त्याची गिटार हातात घेऊन तारा ताणल्या आणि परत दिली. त्या पोरासमोर, सगळ्यांच्या देखत. खुंट्या किती फिरवाव्या लागतायत हे बाळ बघत होता.

गाण्याच्या शेवटी एकच शब्द होता, ‘थांबू नको’मधला ‘नको’, आणि तो लांबच लांब ओढायचा होता. पहिल्यांदा बाळचा आवाज तिथं पोचायच्या आधीच चिरकला. तो म्हणाला, माइक खराब आहे. माइक बदलला. दुसऱ्यांदा नुसती हवा निघाली. तिसऱ्यांदा त्या जागेच्या आधीच त्यानं गिटार गळ्यातून काढली, ती तशीच हातात धरून बाहेर गेला आणि गाडीत जाऊन बसला.

ताई मागोमाग गेल्या. गाडीच्या काचा वर होत्या. त्यांनी दार उघडून शेजारची जागा घेतली.

“किती?” त्यानं विचारलं.

“काय किती?”

“उगाच वेड पांघरू नकोस, ताई. किती खाली आणलंस मला?”

“दोन सूर.”

त्यानं गिटार मांडीवर ओढून घेतली.

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर गायला असतास?”

“नसतो.”

“मग?”

“मग नसतो गायलो. घरी बसलो असतो. पण त्या लंबूच्या तोंडून ऐकायची पाळी तरी आली नसती. एवढी वर्षं लोक टाळ्या वाजवत होते त्या कुणाला? मला की तुझ्या त्या बटणाला?”

ताईंना खरं तर खूप बोलायचं होतं. गुडघे धरल्यापासून बसच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. घरी पियानो शिकायला येणाऱ्या मुली होत्या, त्यांचे तास दौऱ्यांपायी सारखे बुडायचे. दर दौऱ्याआधी बाळ म्हणायचा, हा शेवटचा, आणि दर दौऱ्यानंतर नवीन तारखा घेऊन यायचा. ताई दौऱ्यावर गेल्या नसत्या तर त्याची पट्टी कोण सांभाळणार होतं? हे काही त्या बोलल्या नाहीत.

“तुझ्या भल्यासाठीच केलं,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते वाक्य त्यांनाच फार मिळमिळीत वाटलं.

“गिटार माझ्याकडेच राहील आता,” तो म्हणाला. “आणि कार्यक्रमाला ते बटण दाबायचं नाही. दाबलंस तर ते शेवटचं.”

कार्यक्रम पोरांचा होता. यात सगळा घोळ होता. पूर्वी अशी पोरं वादळाच्या आधी येऊन दोन गाणी उरकून जायची, तेव्हा लोक शेंगदाणे खात गप्पा मारत असायचे. आता लंबूच्या नावावर मैदान भरत होतं आणि वादळाला शेवटच्या एका गाण्यापुरतं बोलावलं होतं. त्याआधी वर्षभर दोघांची पेपरातून चांगलीच जुंपली होती. लंबू एका मुलाखतीत म्हणाला होता, वादळाची आता झुळूक झालीय. त्यावर वादळानं उत्तर दिलं, पोरांनी आधी गिटार लावायला शिकावं. त्याची स्वतःची गिटार कोण लावतं, हे काही पेपरात आलं नाही. या भांडणाला गिऱ्हाईक आहे हे आयोजकानं ओळखलं आणि दोघांना एका मंचावर आणलं.

दुसऱ्या दिवशी ताई आपला कीबोर्ड गोळा करायला गोदामात गेल्या, तेव्हा लंबू तिथं एकटाच होता. त्यानं न सांगताच वायरी गुंडाळायला घेतल्या. चुकीच्या गुंडाळत होता, पण ताईंनी गुंडाळू दिल्या.

“मला माहीत नव्हतं हो,” तो म्हणाला. “मला वाटलं, ते मुद्दाम खाली गातायत. आमच्यासोबत गायचं म्हणजे काय, उरकून टाकायचं, तसं.”

“मुद्दाम कशाला गाईल कुणी?”

“ते तसेच आहेत. मी शाळेत असताना त्यांच्या कार्यक्रमानंतर मागच्या दारी तिष्ठत उभा होतो. गिटारवर सही हवी होती. त्यांनी गिटार हातात घेतली, एकदा छेडली, म्हणाले, ‘आधी सुरात लाव, मग ये.’ सगळे हसले. सही नाहीच केली.” तो वायरीशी झटत होता. “तो वरचा ‘नको’ मला जमावा म्हणून मी वर्षभर गच्चीत ओरडत होतो. आई म्हणायची, शेजारी पोलीस बोलावतील. आणि काल... मला बघवलं नाही.”

ताईंनी कीबोर्ड पिशवीत सरकवला.

“आम्ही सगळे खाली लावतो,” तो म्हणाला. “त्यांच्या नेहमीच्या पट्टीत. आयोजक त्यांची ओळख करून देईल तेवढ्या वेळात होईल. तुम्ही फक्त बटण दाबा.”

“त्यानं बजावलंय मला.”

“आम्ही खाली वाजवायला लागलो तर तुम्हाला दाबावंच लागेल ना. दोष आमच्यावर ढकला.”

“त्याची गिटार त्याच्याकडे आहे.”

“तुम्ही घ्या ना मागून ऐन वेळी. तुमचं ऐकतील ते.”

ताईंना त्या पोराचा राग आला. त्यांचं इतक्या वर्षांचं ओझं तो असा सहज उचलू बघत होता, जसं काही कोपऱ्यातलं स्टूल आहे. आणि मग आपण किती दमलोय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, “बरं.”

कार्यक्रमाच्या संध्याकाळी बाळ आलाच नाही. म्हणजे वेळेवर आला नाही. ताई मंचाच्या मागं उभ्या राहून गाड्यांच्या दिव्यांकडे बघत होत्या. पुढं पोरांची गाणी चालली होती, जमिनीतून पायांना हादरे बसत होते. शेवटी आयोजक माइकवर गेला, वादळाचं कौतुक सुरू झालं, पोरांनी लोकांकडे पाठ करून आपापल्या गिटारी खालच्या पट्टीत लावल्या. ताई कीबोर्डवर बसल्या आणि त्यांनी बटण दाबलं. तेवढ्यात बाळची गाडी आली. तो दारातून उतरला तो थेट पायऱ्यांवर, गिटार गळ्यात. ताईंना जागेवरून उठायलाही वेळ मिळाला नाही.

लोक उभे राहिले. तेवढं वादळ अजून होतं त्याच्यात. त्यानं मान झटकली आणि तारांवर पहिला झटका मारला.

त्याची गिटार मूळ पट्टीत होती. ती त्यानं स्वतः लावली होती, आणि अगदी चोख लावली होती. पोरं दोन सूर खाली होती. जे काही निघालं त्याला गाणं म्हणता आलं नसतं. पुढच्या रांगेतल्या एकीनं कानांवर हात ठेवले. ड्रम थांबला, मग सगळेच थांबले.

बाळनं आधी लंबूकडे पाहिलं, मग बहिणीकडे. ताईंनी नजर खाली घातली नाही, पण घालावीशी वाटली.

तो लंबूजवळ गेला. माइक हातानं झाकून बोलला, तरी ताईंना ऐकू आलं.

“दया दाखवतोस?”

“नाही काका, मी...”

“वर घे.”

“सगळ्यांसमोर कशाला, आपण...”

“वर घे म्हणतो ना. वाट बघतो मी.”

हजारो लोकांसमोर पोरं गिटारी लावत बसली. घाईत एकाची तार तुटली. मागून शिट्ट्या सुरू झाल्या, कुणीतरी ओरडलं, “झोपला का म्हातारा?” लंबूचे कान लाल झाले होते. बाळ प्रेक्षकांकडे तोंड करून, हात बांधून उभा राहिला. ताईंनी बटण सोडलं. इतकी वर्षं जे इतकं लपवून ठेवलं, ते असं उजेडात, सगळ्या मैदानासमोर उघडं पडावं, याचा त्यांना संताप आला. बाळचा, लंबूचा, स्वतःचाही. या दोघांपैकी एकानंही त्यांना एकदा विचारलं नव्हतं, ताई, तुम्हाला काय वाटतं?

गाणं पुन्हा सुरू झालं. बाळ पहिलं कडवं बरं गायला. दुसरं ओढूनताणून. मग ‘नको’ आला. लंबूचं तोंड उघडलं होतं, तो सूर त्याच्या गळ्यात तयार होता, पण त्यानं तोंड मिटलं आणि एक पाऊल मागं सरकला. बाळचा आवाज वर गेला आणि फाटला. तिथं तो सोडू शकला असता, माइक लोकांपुढं धरू शकला असता. बडी बडी माणसं तसं करतात. त्यानं सोडलं नाही. जितका लांब तो शब्द रेकॉर्डवर होता तितका लांब त्यानं तो तसाच फाटका धरून ठेवला, मानेच्या शिरा तटतटून. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. बरेचजण खाली बघायला लागले.

टाळ्या पडल्या, उशिरा, भीड म्हणून पडतात तशा. मग ठरल्याप्रमाणे शेवटचं आवर्तन लंबूनं घेतलं. तोच शब्द त्यानं वर नेला, सहज, आणि मैदान पेटलं. लोक त्याच्या नावानं घोष करायला लागले. तो गाताना बाळकडे बघत होता. बाळ मात्र तारांवरून नजर न उचलता वाजवत होता, शेवटच्या ठोक्यापर्यंत, एकही झटका न चुकवता.

दिवे मंदावले. ताई कीबोर्डमागून उठेपर्यंत बाळ मंचाच्या कडेला पोचला होता. पायऱ्या उंच होत्या आणि कठडा एकाच बाजूला होता, तोही डगमगणारा. तो वरच्या पायरीवर थांबला. लंबू मागून धावत आला, त्याच्या पुढं एक पायरी खाली उतरला आणि त्यानं हात पुढं केला. बाळनं हाताकडे पाहिलंच नाही. त्यानं आपला पंजा त्या पोराच्या खांद्यावर ठेवला आणि लोकांकडे वळून मान किंचित झुकवली.

फोटोवाल्यांचे कॅमेरे चमकले. खालून कुणीतरी म्हणालं, “बघ, आशीर्वाद देतोय.” ताई मागंच होत्या. त्यांना दिसलं, त्या पोराचा खांदा एका बाजूला पार कलला होता. एकेक पायरी दोघं सावकाश उतरत होते, आणि लंबू ओठ दाबून, श्वास रोखून, जराही न डळमळता ते सगळं वजन पेलत होता.