ऐन ग्रहणात जन्मलेला फिल्टर

मी एक जुना सोलर फिल्टर आहे. ज्या वर्षी या घरात जुळ्या मुली आल्या आणि घरातल्या कुणाच्या डोळ्याला डोळा लागेनासा झाला, त्याच वर्षी माझाही जन्म झाला. त्यामुळे माझं वय वेगळं मोजावं लागत नाही. जुळ्यांचं विचारलं की माझं कळतं.

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा तर पुठ्ठ्याच्या कड्यात चिकटवलेला चंदेरी कागद. पण मी कागद नाही. मी एका पातळ फिल्मचा तुकडा आहे, दोन्ही बाजूंनी आरशासारखा चकचकीत. सूर्याचा जेवढा उजेड माझ्यावर पडतो त्यातला कणभरच मी पलीकडे जाऊ देतो, बाकीचा आल्या वाटेनं परत पाठवतो. ज्याच्याकडे भलेभले मान वर करून पाहू शकत नाहीत, त्याच्याकडे माझ्या आडून खुशाल पाहता येतं. एवढी एकच विद्या मला येते, पण ती पक्की येते.

आमच्या घरात आबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांची थोरली लेक, ताई, शिवणकाम करायची. धाकटा मुलगा, भाऊ, फोटो स्टुडिओ चालवायचा. खाली कामाच्या खोल्या, वर राहणं, आणि त्याच्या वर गच्ची. आबांचं टेबल रस्त्याकडच्या खिडकीत, ताईचं मशीन आतल्या खोलीत, आणि भाऊंचं सामान जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत.

आबांचा उजवा डोळा कामातून गेलेला होता. तरुणपणी एका ग्रहणाच्या दिवशी त्यांनी काचेवर दिव्याची काजळी धरली आणि त्या काचेतून सूर्याकडे पाहिलं. दुखलं नाही. डोळ्याला पाणीही आलं नाही. संध्याकाळी कळलं, की त्या डोळ्यानं पाहिलं तर समोरच्या माणसाचे कान दिसतात, पण नाक दिसत नाही. नजरेच्या मधोमध एक करडा ठिपका येऊन बसला, तो कायमचा. तेव्हापासून त्यांनी भिंग डाव्या डोळ्याला लावलं आणि सगळा संसार त्या एका डोळ्यावर ओढला. पुढे जेवढी ग्रहणं आली, तेवढ्या वेळा ते खिडक्या लावून आत बसले.

जुळ्यांच्या वर्षीही ग्रहण येणार होतं. भाऊंनी फोटो काढण्यासाठी एक दुर्बीण आणली आणि तिच्याबरोबर फिल्मचा ताव आणला. त्या तावात मी होतो. जेवताना आबा एकदम म्हणाले, "ज्यानं माझा डोळा खाल्ला, त्याचं तोंड मला एकदा बघायचंय."

सगळ्यांचे हात थांबले. ताईची जीभ मात्र कधी थांबत नसे.

"एक डोळा त्याला वाढलात. आता दुसराही ताटात घालताय का?"

"अगं, ती काजळी होती," भाऊ म्हणाले. "काजळीनं नुसता उजेड कमी होतो. न दिसणारे किरण सरळ आत शिरतात. ही फिल्म याच कामासाठी केलेली असते."

"तू गप. एकच डोळा उरलाय त्यांना, दोन असते तर मी बोलले नसते."

"म्हणूनच म्हणतो, आता नाही तर कधी," आबा ताईला म्हणाले. "फिल्टर तू कर. तुझ्या हातचं असलं तर बसेन, नाहीतर नाही."

झालं. ताईच्या गळ्यात काम पडलं. भाऊंनी तिला पुन्हा पुन्हा बजावलं, की फिल्म ताणू नकोस, सैल सोड, सुरकुत्या राहिल्या तरी चित्र बिघडत नाही. हे तिला मुळीच पटलं नाही. "माझ्या हातून गेलेल्या कापडाला सुरकुती? लोक काय म्हणतील?"

तिनं तावातून एक गोल कापला. तो माझा थोरला भाऊ. उरलेला तुकडा मी, मशीनच्या टेबलावर पडून सगळं पाहत होतो. कडं चिकटेपर्यंत फिल्म सरकू नये म्हणून तिनं काय करावं? जन्मभर जे केलं तेच केलं. कडेकडेनं टाचण्या लावल्या आणि नंतर काढून टाकल्या. काय सुरेख दिसत होता तो. डफासारखा ताठ. भाऊंनी स्टुडिओतल्या ट्यूबलाइटसमोर धरून पाहिला आणि "झकास" म्हणाले.

ग्रहणाचा दिवस उजाडला. आकाश अगदी निरभ्र. भाऊंनी गच्चीवर दुर्बीण उभी केली. फिल्टर तिच्या पुढच्या तोंडावर बसवला, कारण फिल्टर डोळ्याच्या बाजूला लावणं म्हणजे चोर घरात शिरल्यावर दाराला कडी लावणं. नेम धरायला बाजूला जी छोटी दुर्बीण असते, तिला झाकण घालून ठेवलं. मग सूर्याकडे न बघताच त्यांनी नळी फिरवली. तिची जमिनीवरची सावली आखडत आखडत सगळ्यात लहान झाली, की नळी बरोबर सूर्याकडे लागते. भाऊंची बायको, वहिनी, दोन्ही काखांत एकेक मुलगी घेऊन दारातल्या सावलीत उभी होती.

भाऊंनी आधी कॅमेरा जोडला. "लागलं ग्रहण. उजवीकडून कड गेली." मग जरा कपाळाला आठी घालून म्हणाले, "चित्र दुधाळ का येतंय? पातळ ढग असेल." त्यांनी कॅमेरा काढला, डोळा लावायचं भिंग बसवलं आणि आबांसाठी स्टूल सरकवलं.

आबांनी चष्मा काढला. डावा डोळा चोळला. वाकले.

ताईनं भिंगावर तळहात ठेवला. "थांबा, आबा."

"आता काय?"

"ढग कुठंय?" ती म्हणाली. सगळ्यांनी आजूबाजूला पाहिलं. ढगाचा मागमूस नव्हता. ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मी टाचण्या लावल्या होत्या."

ती फिल्टर घेऊन जिन्याखालच्या खोलीत पळाली, मागून भाऊ. दार लावून अंधार केला आणि फिल्टर पेटत्या दिव्यासमोर धरला. उजळ खोलीत जे दिसलं नव्हतं ते इथं दिसलं. काळ्याभोर गोलात कडेला एक चांदणी, आणि जरा आत आणखी एक.

"बारीक भोकं आहेत," भाऊ म्हणाले. "काळ्या रंगाचा ठिपका देतो, भागेल."

"रफू सदऱ्याला करतात. त्यांना दुसरा डोळा कुठून शिवून देऊ?"

मशीनच्या खोलीत येऊन तिनं कात्री उचलली आणि माझ्या थोरल्या भावाचे दोन तुकडे केले. परत मोहच नको.

आता उरलो मी एकटा. मला बिघडवलं तर दुसरी फिल्म नव्हती, आणि वर चंद्र काही थांबणार नव्हता. मित्रांनो, त्या वेळी मला जी धडकी भरली आणि जो आनंद झाला, तो कसा सांगू? ताईनं मला मऊ कागदावर ठेवलं. कड्याला दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावली. सवयीनं तिचा हात टाचण्यांच्या उशीकडे गेला.

"वन्सं, ती उशी माझ्याकडे द्या," मुलींना घेऊन मागोमाग खाली आलेली वहिनी म्हणाली. एक मुलगी तिनं भाऊंच्या हातात दिली, उशी उचलली आणि खोलीबाहेर नेऊन ठेवली.

वरून आबा हाका मारत होते. सूर्याकडे पाठ करून ते झाडाच्या सावलीकडे पाहत होते. पानांच्या फटींतून भिंतीवर सूर्याच्या छोट्या छोट्या कोरी पडल्या होत्या. "निम्मा खाल्ला असेल एव्हाना. कुणी आहे का खाली, की सगळे झोपले?"

"शिवणाऱ्याला घाई केली की बाही पायात येते," ताईनं खालून सुनावलं. तिनं कडं माझ्यावर अलगद टेकवलं. ओढलं नाही. ताणलं नाही. माझ्या अंगावर मोठी सुरकुती पडली, तशीच राहू दिली. ते करताना तिनं तोंड असं केलं, जणू कुणी तिच्या कापडावर चहा सांडलाय.

पुन्हा अंधार. पुन्हा दिवा. ताईनं पाहिलं, भाऊंनी पाहिलं, वहिनीनं पाहिलं. एकही चांदणी नव्हती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि तिघंही जिन्यावरून धावत सुटली.

गच्चीवर वारा सुटला होता. भाऊंनी मला नळीवर बसवून चहूबाजूंनी चिकटपट्टी लावली, ओढून पाहिलं, मगच कॅमेरा जोडला. या वेळी चित्र स्वच्छ. काळ्या आकाशात पांढरी धारदार कोर. त्यांनी एकापाठोपाठ एक फोटो काढले आणि म्हणाले, "आबा, या."

आबांनी ताईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. ते वाकले.

सूर्य माझ्यावर धो धो कोसळत होता आणि मी त्याला परतवत होतो. पलीकडे आबांचा डावा डोळा होता. मित्रांनो, एवढा मोठा पाहुणा दारात आणि मी एवढासा दरवान. पण एक कण जास्तीचा मी आत सोडला नाही.

आबांनी डोळा भिंगाच्या आणखी जवळ नेला. मग म्हणाले, "भाऊ, तुझ्या भिंगावर धूळ आहे. ठिपके दिसतात."

"धूळ नाही, आबा. ते सूर्यावरचे डाग."

"मला शिकवतोस? भिंग फिरव." भाऊंनी भिंग फिरवलं. डाग जागचे हलले नाहीत. आबा हसायला लागले, खांदे हलेपर्यंत हसले.

"म्हणजे याच्याही नजरेत ठिपका आहे म्हणा की."

त्या दिवशीचा फोटो स्टुडिओच्या काचेत लागला. येणारे-जाणारे थांबून भाऊंचं कौतुक करायचे. ताई तेवढं म्हणायची, "ही त्या सुरकुतलेल्याची कृपा आहे." पुढे कित्येक सकाळी आबांनी मला नळीवर बसवून डाग पाहिले. जुळ्या मोठ्या झाल्या, त्यांनीही पाहिले. दर वेळी आधी अंधारी खोली, आधी दिवा, मगच गच्ची.

मग भाऊंनी काचेचा नवा फिल्टर घेतला आणि मी बटणांच्या डब्यात गेलो. माझी तक्रार नाही, पण बटणं टोचतात. परवा जुळ्यांपैकी एकीनं मला शोधून काढलं आणि दिव्यासमोर धरलं. माझ्यात अख्खं तारांगण पेटलं होतं. तिनं मला ताईकडे नेलं. ताईनं कात्री उचलली, खाली ठेवली, आणि काळ्या शाईनं माझ्यावर मोठी फुली मारली, म्हणजे चुकून कुणी वापरू नये. मला वाईट वाटलं नाही. मी तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

मित्रांनो, माझ्या जातीचं कुणी तुमच्या हाती आलं तर त्याला पुसू-घासू नका, घडी घालू नका, टणक डब्यात एकटं ठेवा. वापरण्याआधी दर वेळी अंधारात दिव्यासमोर धरून पाहा. भोक दिसलं तर दया दाखवू नका, टाकून द्या. फिल्टर दुसरा मिळतो.

आबा त्या ग्रहणानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात वारले, सकाळी, खिडकीतल्या टेबलाशी, डाव्या डोळ्याला भिंग लावून काम करत असताना.