आरतीच्या वेळचे हात

१९९१ साली मी जळगावच्या एका मुलींच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवत होते. भाद्रपदातली पौर्णिमा झाली की आमच्या वर्गात गुलाबाई बसायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाकं भिंतीकडे सरकायची, मध्ये पाट, पाटावर मातीची गुलाबाई, म्हणजे पार्वती, आणि शेजारी गुलाबराव, म्हणजे शंकर. आधी आरती, मग गाणी, शेवटी खाऊ. जिची पाळी असेल तिनं घरून झाकणाचा डबा आणायचा आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. डबा हलवून ऐकलेलं चालतं, हुंगलेलं चालत नाही. सगळ्या हरल्या, तर डबा आणणारीचा रुबाब पुढे कितीतरी दिवस टिकतो.

पहिल्या शनिवारी आरतीच्या वेळी विशाखा सपकाळे हात न जोडता उभी होती. शिवणाच्या बाई मागून आल्या आणि तिचे दोन्ही हात धरून त्यांनी ते जुळवून दिले. त्यांच्या मनात काही वाईट नसावं. लहान मुलीची रिबीन सारखी करावी तसं त्यांनी ते केलं.

सोमवारी विशाखाचे वडील आले. अभिमन सपकाळे टेलिफोन खात्यात होते. घर बौद्ध. ते मोठ्या बाईंशी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका प्रमिलाबाईंशी, पाच मिनिटं बोलले आणि गेले. दुपारी मोठ्या बाईंनी मला बोलावलं.

"गुलाबाई यंदापासून बंद. शाळा सगळ्यांची आहे. एका मुलीला जरी अवघडल्यासारखं होत असेल, तर तो कार्यक्रम शाळेत नको."

त्या मनापासून बोलत होत्या. मलाही ते पटलं. मूर्ती मी प्रयोगशाळेच्या कपाटात, लोहचुंबकांच्या खोक्याशेजारी ठेवली.

पुढच्या शनिवारी पाळी विशाखाची होती, हे आमच्या दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मुलींना कारण कुणी सांगितलं नाही, पण ते त्यांना कळलंच. मधल्या सुट्टीत छाया म्हणाली, "तुझ्या पप्पांनी आमची गुलाबाई घालवली. आता बस डबा घेऊन एकटी."

विशाखाच्या बाकावर शेजारी बसणारी मुलगी दप्तर उचलून मागे गेली. मी तिला पुन्हा जागेवर बसवलं. ती बसली, पण बाकाच्या टोकाला.

आमच्या शिपाई द्रौपदाबाई भडगावकडच्या. फळा पुसता पुसता त्या मला म्हणाल्या, "बाई, त्या पोरनी पाळी व्हती ना? तिना काय गुन्हा शे?"

मी मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि सपकाळ्यांना निरोप धाडला. संध्याकाळी ते ड्यूटीवरून तसेच आले, सायकलची क्लिप पँटला तशीच.

"मी बंद करा म्हणालो नव्हतो, बाई," ते म्हणाले. "हात जोडायला लावू नका, एवढंच म्हणालो."

"पण मग ती सगळ्यांत वेगळी दिसेल. मला तेच टाळायचं होतं."

"आता काय दिसतेय? घरी आली की बोलत नाही. आठ दिवस आईच्या मागे होती, असा खाऊ कर की कुणाला ओळखता येऊ नये. गच्चीवर काय काय वाळत घातलंय दोघींनी. मलाही सांगत नाहीत."

मोठ्या बाईंना हसू आलं. मग त्या विचार करून म्हणाल्या, "असं करू. आरती होईपर्यंत तिला व्हरांड्यात थांबवू. गाण्यांना आत येईल."

सपकाळे आवाज न चढवता म्हणाले, "दाराबाहेर नको, बाई. माझी आई आयुष्यभर दाराबाहेर उभी राहिली. माझी मुलगी आत उभी राहील आणि हात जोडणार नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आतच उभी राहील. शिवणाच्या बाईंशी मी बोलते."

शनिवारी कपाटातून गुलाबाई काढली. गुलाबरावांच्या फेट्याला लोखंडाचा कीस लागला होता, तो मी ब्रशनं झाडला. आरती सुरू झाली. विशाखा छायाच्या शेजारी उभी राहिली. हातांचं काय करावं हे तिनंच ठरवलेलं दिसलं: खाऊचा डबा तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. दोघी-तिघींनी वळून पाहिलं. शिवणाच्या बाई जागच्या हलल्या नाहीत.

गाणी झाली आणि प्रश्न सुरू झाले.

"गोड का तिखट?"

"गोड."

"तळलेलं?"

"नाही."

"भाजलेलं? उकडलेलं?"

"नाही, नाही."

"मग कच्चं?" छाया वैतागून म्हणाली. "असं कुठं असतं का! बाई, ही फसवतेय."

डबा हलवला तर आवाज नाही. लाडू, वडी, शेवया, शिरा, सगळं बोलून झालं. छायानं झाकणाशी नाक नेलं तशा सगळ्या ओरडल्या. शेवटी एकदाच्या हरल्या. विशाखानं झाकण उघडलं. आत उन्हात वाळवलेली केळी होती, तपकिरी आणि चिकट, वर वेलदोड्याची पूड. केळीच्या जिल्ह्यातल्या पोरी आणि एकीच्याही तोंडी केळं आलं नव्हतं! मोठ्या बाईंनी दोन तुकडे घेतले.

छाया बोटं चाटत विशाखाकडे सरकली.

"पुढच्या शनिवारी माझी पाळी आहे."

"माहितीये."

"आरतीच्या वेळी माझा डबा तू धरशील? मला हात जोडायचे असतात, आणि खाली ठेवला तर या हुंगतात."

विशाखानं विचार केला. "पण मग वास मला येईल. मी ओळखीन ना."

"नाक दाबून धर."

"दोन्ही हातांत डबा," विशाखा म्हणाली, "मग नाक काय तुझी गुलाबाई दाबेल?"

आणि दोघी इतक्या हसल्या की केळी संपली तरी त्यांना कळलं नाही.