बंबकाकांची सुई

आमच्या धुलाई कारखान्यात बॉयलर सांभाळणाऱ्या बंबकाकांचा राग दोन प्रकारचा. एक बोलण्याचा, तो चहापर्यंत टिकतो. दुसरा न बोलण्याचा, तो आठवडे चालतो. मुलीने बर्नर-दुरुस्तीची नोकरी धरली तेव्हा त्यांनी दुसरा काढला होता. तरी तिच्या कंपनीचा नंबर बॉयलरखोलीच्या दारावर त्यांनीच खडूने लिहिला, तोही असा ठळक की इस्त्रीच्या टेबलावरून आम्हा बायकांनाही वाचता यावा.

सोमवारपासून बर्नर सारखा बंद पडत होता. मंगळवारी पुन्हा पडला, वाफ गेली, इस्त्र्या गार झाल्या. मॅनेजरने सरळ सांगितलं: आज कारण लेखी हवं. चूक काकांची निघाली तर बॉयलरवर दुसरा माणूस येईल आणि काका घडीच्या टेबलावर बसतील. एकतीस वर्षं आगीशी संसार केलेला माणूस उशांच्या अभ्र्यांवर बसवायचा. आम्हालाही तो नको होता. पहिल्याच तासात आम्हाला घड्या घालायला शिकवू लागला असता.

मुलगी आली. हातात पेटी, तोंडात एकदाच "बाबा," मग थेट काम. काका तिला मॅडम म्हणत होते. तेलच खराब आलंय मॅडम, हे त्यांनी तीनदा सांगितलं. ती तीनदा "हं" म्हणाली आणि तिने नोझल, म्हणजे तेल फवारणारी तोटी, खोलून हातात घेतलं.

मॅनेजरला तिने समजावलं. हे तेल नुसतं काडी लावून पेटत नाही. आधी तापवून पातळ करायचं, मग पंपाने दाबून टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून गरगरवत बाहेर फेकायचं, म्हणजे त्याचं धुकं होतं. धुक्याला हवा मिळते, ठिणगी लागते, ते झटक्यात पेटतं. थेंब मोठे राहिले तर अर्धवट जळतात आणि काजळी धरते. ज्योतीवर नजर ठेवणारा एक डोळा असतो. तो काजळला की त्याला आग दिसत नाही आणि बर्नर बंद होतो. मॅनेजरने मान हलवली. समजल्याची नव्हे, समजल्यासारखी.

मग तिने नोझल आपल्या हातपंपाला लावलं आणि रिकाम्या पिंपात धरलेल्या कागदावर एक फवारा मारला. डाग गोल उमटायला हवा होता. याला एका बाजूला शेपूट होतं. भिंगातून तिने भोकाची कड पाहिली, बराच वेळ पाहिली. भिंग काकांकडे दिलं नाही. त्यांनीही मागितलं नाही.

अहवालाच्या कागदावर 'कारण' या रकान्याशी तिचं पेन थांबलं.

"नोझल झिजतं का?" मॅनेजरने विचारलं.

"झिजतं," ती म्हणाली. तेवढं खरंच होतं.

"झीज लिहू नकोस," काका म्हणाले. "सुई लिही. शनिवारी कचरा काढायला मी भोकात घातली. तुझ्या आईच्या डब्यातली."

"बाबा, ओरखडा पडतो म्हणून धातूचं काही घालायचं नाही, लाकडाची काडी आणि रॉकेल, हे मला शिकवलं कोणी?"

"मीच."

"मग?"

"काडी सापडेना. आणि बर्नरचा आवाज लंगडत होता, मला राहवलं नाही."

मॅनेजर म्हणाला, शनिवारी तर दाबाचे, तापमानाचे सगळे काटे जागेवर होते. काका म्हणाले, काटे होते.

मुलीने सुई लिहिली, स्पष्ट अक्षरात, तारखेसकट. पण पेन थांबलं नाही. खाली सूचनांच्या जागी तिने लिहिलं: 'नोझलमध्ये कचरा आल्याचं काट्यांच्या दोन दिवस आधी माणसाने ओळखलं. नोझल बदललं. माणूस बदलू नये. त्याला काड्या पुरवाव्यात.'

मॅनेजरने कागद दोनदा वाचला. कपाळ चोळलं. मग त्याने विचारलं, या काड्या मिळतात कुठे.

नवं नोझल बसलं, डोळा पुसून झाला. मुलगी बटणापासून बाजूला झाली. काकांनी ते दाबलं. आधी नुसता पंखा फिरला, आत साचलेली तेलाची वाफ बाहेर काढत. मग ठिणगीची कटकट, आणि मग मऊ भक्. बापलेक एकाच बाजूला मान कलती करून ऐकत राहिले. आवाज सरळ चालत होता. काकांनी आपलं स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं. ती बसली नाही. तेही बसले नाहीत. इस्त्र्या तापायला लागल्या, म्हणून आम्ही वळलो.